चावडीवरचा रेडिओ

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने भिगवण मागे टाकले की डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागते. तसेच पुढे गेले की इंदापूर तालुक्यातले पळसदेव येते. आज दिसते ते गाव नवे. जुने पळसदेव पाण्याखाली आहे. भीमेच्या काठचे ते गाव धरणाच्या फुगवट्यात गेले, आणि त्याच्याबरोबर पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिरही गेले. मात्र ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाणी उतरत जाते आणि मंदिराचे शिखर हळूहळू वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा तळाला गेला, तेव्हा आसपासच्या गावांची माणसे लेकराबाळांसह हे मंदिर पाहायला लोटली होती.

अशा वेळी काठावर उभ्या असलेल्या कोणत्याही आजोबा-नातवांत एक संभाषण होतेच.

"आबा, आपलं घर कुठं होतं?"

"त्या शिखरावरनं हिकडं ये. मधी गल्ली, मग वाण्याचं दुकान, मग आपला उंबरा."

"आणि वाण्याचं दुकान आता कुठंय?"

आबा काही तरी सांगतात, नातू हुंकार देतो, आणि दोन-चार मिनिटांत उन्हाचा कडाका वाढला म्हणून मंडळी परत फिरतात. गोष्ट तिथेच अर्धी राहते.

या अर्ध्या राहिलेल्या गोष्टीपायी आज लेखणी उचलली आहे. गाव म्हणजे नुसती घरे नव्हेत. घरांच्या मधोमध वाण्याचे दुकान असते, लोहाराचा भाता असतो, शिंप्याचा ओटा असतो, आणि गावाची आठवण सांगताना माणूस देवळाइतकीच दुकानांची खूण सांगतो. ही आठवण एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जायची तर ती कोणी तरी सांगावी लागते आणि कोणी तरी ऐकावी लागते. हे सांगणे-ऐकणे बारामती-इंदापूरच्या मुलखात कसकसे चालत आले, रेडिओ आल्यावर त्याचे काय झाले आणि आज ते कोठे येऊन ठेपले आहे, याचा हा छोटासा इतिहास.

रेडिओच्या फार आधीपासून हा मुलूख ऐकणाऱ्यांचा आहे. बारामती म्हटले की मोरोपंत आठवतात. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेला हा कवी बारामतीला बाबूजी नाइकांच्या आश्रयाला आला, तेथे पुराणिकाचे काम करू लागला आणि १७९४ मध्ये तेथेच वारला. त्याच्या आर्या आज आपण पुस्तकात वाचतो, आणि शाळेत त्यांचे अन्वय लावताना घाम फुटला होता हेही कित्येकांना आठवत असेल. परंतु त्या आर्या महाराष्ट्रभर पसरल्या त्या पुस्तकांनी नव्हे, हरिदासांच्या मुखाने. छापखाना यायच्या आधी कऱ्हेच्या काठी रचलेली कविता कोकणातल्या देवळात ऐकू यायची ती कीर्तनातून. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मधे झांजांचा गजर, आणि समोर आजीच्या मांडीवर पेंगुळलेले पोर. ते पोर झोपेतही काही ऐकत असे, आणि साठ वर्षांनी तेच आख्यान आपल्या नातवंडांना सांगत असे.

खेड्यापाड्यांत श्रीधराचे 'पांडवप्रताप' आणि 'हरिविजय' चातुर्मासात वाचले जात. वाचणारा एक आणि ऐकणारे शंभर. सकाळी वासुदेव येई, रात्री गोंधळी येत, जत्रेत तमाशाचा फड उभा राही. या सगळ्यांत एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. कीर्तनकाराच्या समईत तेल घाली तो गावातला तेली किंवा वाणी. जत्रेत फडाला विडा-सुपारी देई तो बाजारकरी. संत तुकाराममहाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरीला जाते, तेव्हा आजही वाटेवरचे व्यापारी वारकऱ्यांना चहा-फराळ देण्यासाठी मांडव घालतात. कथेच्या दिव्यात आजवर कोणी ना कोणी दुकानदार तेल घालत आला आहे, आणि कथेच्या गर्दीवर त्याच्याही दुकानाचा दिवा पेटत आला आहे. धर्म आणि धंदा यांचे हे जुने सख्य आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

गावच्या बातम्यांचेही असेच होते. उद्या कालव्याला पाणी सुटणार, परवा साथीच्या सुया टोचायला डॉक्टर येणार, अमक्याचा बैल हरवला, हे सारे दवंडीने कळे. हलगीवर थाप पडली की माणसे दारात येत. दवंडीवाला पुढे सरकायच्या आत कोणी तरी विचारी, "कुठल्या फाट्याला रं पानी?" आणि तो उत्तर देई. ही साधी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळचा सांगणारा समोर उभा असे, आणि ऐकणाऱ्याला त्याला थांबवता येत असे.

आता रेडिओकडे वळू. मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ती कंपनी तीन वर्षांच्या आतच बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ साली त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. परंतु खेड्याच्या दृष्टीने हा आवाज फार दूरचा होता. संच महाग, गावात वीज नाही, आणि घरात रेडिओ ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढायला हवा. पुण्याला आकाशवाणीचे केंद्र निघाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी. तेव्हापासून भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या माणसाला आपल्या बोलीच्या जवळचे काही तरी आभाळातून ऐकू येऊ लागले.

पुणे केंद्राचे पहिलेच दशक भाग्याचे ठरले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि पुढल्या वर्षीच्या १९ एप्रिलपर्यंत चालले. एकूण छप्पन्न गीते. ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओसरीवर त्या वेळी सतरंजी अंथरली जाई, कोणी संचाला हार घाली, कोणी उदबत्ती लावी. ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा अस्सल माणदेशी कथाकार दीर्घकाळ काम करीत होता. शंकर पाटीलही काही काळ त्या केंद्रात होते. पुढे हेच दोघे आणि द. मा. मिरासदार गावोगाव जाऊन कथाकथन करू लागले, तेव्हा लोकांनी मंडप ओसंडून ते ऐकले. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मधले पंत, मीना वहिनी आणि टेकाडे भावजी तर कित्येक घरांत नातलगच होऊन बसले. चावडीवर जाऊन न बसणाऱ्या बायकांना स्वयंपाक करता करता ऐकायला मिळालेले हे पहिले आख्यान म्हणावे लागेल.

मात्र मौज अशी की, गीतरामायणाचा हा सोहळा चालू असतानाच, त्याच पुणे केंद्रावरून आणखी एक प्रयोग चालला होता. त्याची आठवण आज फारशी कोणाला नाही, आणि माझ्या मते या मुलखाच्या इतिहासात त्याचे मोल कमी नाही.

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत मिळून दीडशे गावांत रेडिओ-शेतकरी मंडळे स्थापन केली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते जिल्हे. कल्पना मूळची कॅनडातली. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट हिवाळ्याच्या रात्री एकमेकांच्या घरी जमून रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करीत. वाचा, ऐका, बोला, करा, असे त्यांचे चतुःसूत्र होते. आपल्याकडे अक्षरओळख नसलेले सभासद पुष्कळ, म्हणून भर ऐकण्या-बोलण्यावर.

रीत अशी. गावात पंधरा-वीस माणसांचे मंडळ. त्यात एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, सहकार, गावचा कारभार हे विषय. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि बोलायला सुरुवात करायची. काय पटले, काय पटले नाही, आपल्या गावात त्यातले काय जमेल, हे चिटणिसाने लिहून पुण्याला धाडायचे. मंडळाच्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात रेडिओवरून उत्तर मिळे. आपल्या गावचे नाव आणि आपण विचारलेला प्रश्न आभाळातून ऐकू आल्यावर चावडीवर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. दवंडीवाल्याला थांबवून विचारावे तसे आता पुण्याच्या केंद्राला थांबवून विचारता येत होते.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाचे परीक्षण केले आणि समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्यावर लिहिले. त्यांनी नुसती मंडळांची गावे पाहिली नाहीत. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि ज्या गावांत रेडिओच नव्हता, अशी गावेही तुलनेला घेतली. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. मंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढले होते. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी बेताची होती. म्हणजे शहाणपण त्या लाकडी पेटीत नव्हते. पेटी बंद झाल्यावर जी बोलाचाली होई तिच्यात ते होते. पाटील, कुळवाडी, शाळामास्तर, म्हातारा आणि तरुण एकाच सतरंजीवर बसून एकाच विषयावर बोलले, हीच त्या प्रयोगाची खरी मिळकत. काही ठिकाणी तर हे मंडळ गावाचे निर्णय घेणारी बैठकच होऊन बसले.

प्रयोग यशस्वी झाला म्हणून १९५९ पासून देशभर अशी मंडळे काढण्याचे ठरले, आणि ती हजारांनी निघालीही. परंतु दीडशे गावांची जी निगा राखली होती ती हजारो गावांची राखता येईना. चिटणिसाचे पत्र गेले की उत्तर येईलच याचा भरवसा राहिला नाही, आणि उत्तर येईना तशी पत्रेही थांबली. सांगणारा पुन्हा दूर गेला.

त्यातच ट्रान्झिस्टर आला. तो आला आणि रेडिओ चावडीवरून उठून माणसाच्या खांद्यावर बसला. औत हाकताना, ऊस तोडताना, गुऱ्हाळावर, पानाच्या टपरीवर तो गाऊ लागला. गावात एक संच होता तेव्हा ऐकण्यासाठी एकत्र यावे लागे. पन्नास संच झाले तसे एकत्र यायचे कारण उरले नाही. सोय वाढली आणि बैठक मोडली. अशा तऱ्हेने एखादी सुधारणा आपल्या पदरात काही टाकते तेव्हा दुसऱ्या हाताने काय काढून घेते, हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळते.

धंद्याची बाजूही पाहू. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि तिच्यावर मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून जाहिराती वाजू लागल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून. साबण, दंतमंजन, डोकेदुखीच्या गोळ्या यांची नावे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली. पण त्या जाहिराती मोठ्या कारखानदारांच्या. इंदापूरच्या पेठेतल्या कापडवाल्याने किंवा भिगवणच्या भुसार व्यापाऱ्याने रेडिओवर आपले नाव कसे घालावे? त्याला ते परवडणारे नव्हते आणि उपयोगाचेही नव्हते, कारण त्याचे गिऱ्हाईक दहा कोसांच्या आतले. परिणामी रेडिओ गावच्या दुकानात वाजत राहिला, पण गावच्या दुकानाबद्दल एक अक्षर बोलला नाही. दुकानदाराने त्याला घड्याळासारखे वापरले. बातम्या लागल्या की दुकान उघडायचे, 'आपली आवड' संपली की फळ्या लावायच्या.

याच वर्षांत पळसदेवच्या मुलखाचा नकाशा बदलत होता. इंदापूर-बारामतीला पाण्याची ओढ जुनी. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा भाग होरपळला होता, आणि पुढे १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला तेव्हा बागायतीचे दिवस आले. वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, मागाहून सहकारी कारखाने निघाले, बाजारपेठा फुगल्या. पण कालव्याचे पाणी जिकडे गेले तिकडे गेले. भीमेचे पाणी अडवायचे काम राहिले होते. उजनीचे काम १९६०च्या दशकात सुरू झाले आणि १९८० मध्ये धरण पुरे झाले. सुमारे एकशे सतरा टीएमसी पाणी साठवणारा हा यशवंतसागर सोलापूर जिल्ह्याला जीवदान देणारा ठरला, यात शंका नाही. त्याची किंमत मात्र भीमाकाठच्या इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतल्या गावांनी दिली. काळी कसदार जमीन गेली, मळे गेले, घाट गेले, आणि गावे उठून माळावर गेली.

गाव उठते तेव्हा घरांचे पैसे मिळतात, झाडांचेही मिळतात. पण गिऱ्हाइकीचे मोल कोण करणार? वाण्याच्या वहीतली उधारी, कुंभाराची ठरलेली घरे, न्हाव्याचे बलुते, आठवड्याच्या बाजारातली नेहमीची जागा, हे सारे माणसांच्या शेजारावर उभे असते. शेजार विस्कटला की ते कोणत्याही पंचनाम्यात धरले जात नाही. पुनर्वसनात अर्धे गाव इकडे, अर्धे तिकडे झाले की ऐकणारेही विखुरतात आणि सांगणाराही गप्प होतो. उलट त्याच पाण्याने नवा धंदा दिला हेही खरे. उजनीच्या मासळीचा बाजार भिगवणला भरू लागला, होड्या आल्या, जाळी आली. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले तसे ते पाहायला शहरची माणसे येऊ लागली. ज्याच्या आजोबांनी त्या तळाच्या जमिनीत ज्वारी काढली, त्याच्याच नातवाच्या वयाचा एखादा पोरगा आज त्याच जमिनीवरून वीस हात उंचीवर होडी वल्हवतो. खाली काय होते हे त्याला कोण सांगणार?

इथे आपण मघाच्या काठावर परत येतो. मधल्या काळात रेडिओच्या कायद्यात एक मोठी गोष्ट घडली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी ज्यांवरून जातात ते आभाळ कोणा एकाच्या मालकीचे नाही, ती सार्वजनिक संपत्ती आहे. त्यानंतर डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये सामाजिक संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांना लहानशी नभोवाणी केंद्रे काढण्याची मुभा मिळाली. यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात. तेलंगणातल्या पस्तापूरला १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संगम रेडिओ' सुरू झाला. तो दलित शेतकरी स्त्रियांनी चालवला, आणि बियाणे कसे राखावे हे त्यांनी पुस्तकी पंडितांना सांगितले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' निघाले. तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये महिलांची सहकारी बँक उभी राहिली होती. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला आधी खाते मिळाले आणि मागाहून आवाज मिळाला. बारामतीतही अशा दोन वाहिन्या निघाल्या. विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' आणि कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी', एक ९०.४ वर, दुसरी ९०.८ वर. मोरोपंतांच्या गावाला पुन्हा आपला आवाज मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

या केंद्रांची शक्ती बेताची. नियमाने शंभर वॅटांची मर्यादा, मनोराही तीस मीटरांहून उंच नाही. साधारण दहा-पंधरा किलोमीटरांत आवाज स्वच्छ पोहोचतो. कोणाला ही उणीव वाटेल, परंतु गंमत तिच्यातच आहे. इतक्या लहान वर्तुळात बोलणारा आणि ऐकणारा बाजारात समोरासमोर येतो. काल रेडिओवर चुकीचे बोललास तर आज भाजी घेताना कोणी तरी कान धरतो. दवंडीची जुनी सोय परत आली.

धंद्याचेही कोडे येथे सुटायला लागले. आरंभी तासाला पाच मिनिटे स्थानिक जाहिराती करायची परवानगी होती, मग सात झाली, आणि २०२४ मध्ये ती बारा मिनिटांवर नेण्यात आली. त्याच वेळी सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना बावन्न रुपयांवरून चौऱ्याहत्तर रुपये झाला. आकडे लहान आहेत, पण ज्याचे गिऱ्हाईक दहा कोसांतले आहे त्याला हेच माप बेतशीर. रोपवाटिकावाला, चाराविक्या, पिठाच्या गिरणीचा मालक, बी-बियाणांचा दुकानदार यांना प्रथमच परवडेल असा आवाज मिळाला. समईत पुन्हा गावचे तेल पडू लागले.

तरीही दोन धोके सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिला असा की, केंद्र संस्थेचे असते, आणि संस्थेला सांगण्याची हौस दांडगी. तज्ज्ञ बोलतो आहे, शेतकरी ऐकतो आहे, असेच चालले तर ते १९५६ च्या मंडळांचे नव्हे, त्यांच्या ऱ्हासाच्या काळाचे अनुकरण ठरेल. दुसरा धोका तेलाचाच. तेल घालणारा कीर्तनकाराला आख्यान ठरवून देऊ लागला की कीर्तन संपते. बारा मिनिटांची मर्यादा म्हणूनच शहाणपणाची आहे. उरलेली अठ्ठेचाळीस मिनिटे गावाची राहिली पाहिजेत.

आणि या अठ्ठेचाळीस मिनिटांत काय असावे? मला वाटते, त्यांत आबांनी अर्धी टाकलेली गोष्ट असावी. दुकानाची जाहिरात दहा सेकंदांत होते, पण दुकानाची गोष्ट अर्धा तास पुरते. आजोबा घाण्याचे तेल विकत, वडिलांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले, नातू मोबाइल विकतो; एका पेढीच्या या तीन पिढ्यांत गावाचा सारा अर्थशास्त्राचा धडा आला. तो तिघांनी मिळून सांगावा, आणि ऐकणाऱ्यांनी मधेच विचारावे, "तुमच्या आजोबांकडं माझ्या आज्याची उधारी होती, ती फिटली का?" अशा एका प्रश्नाने जे जुळते ते दहा व्याख्यानांनी जुळत नाही.

पळसदेवची अडचण अशी की, बारामतीपासून ते पुष्कळ दूर, एवढ्या लहान शक्तीच्या आवाजाच्या टप्प्यापलीकडे. पण टिपून ठेवायला मनोरा लागत नाही. ज्या मोबाइलने आपण एकेकटे झालो त्यातच आवाज साठवायची सोय आहे. शाळेतल्या मुलांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यांची संमती घ्यावी, नाव-तारीख-ठिकाण नोंदवावे, एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवावी. मग महिन्यातून एका संध्याकाळी नव्या गावच्या देवळात सतरंजी अंथरून ते सर्वांनी मिळून ऐकावे. ऐकून झाले की यंत्र बंद करावे आणि बोलायला लागावे. कॅनडाहून आलेली, १९५६ साली पुण्याने अनुभवलेली ती युक्ती एवढीच आहे. चहाचा खर्च गावच्या दुकानदारांनी वाटून घ्यावा. ते नाही म्हणणार नाहीत, कारण गोष्ट त्यांचीही आहे.

मात्र घाई केली पाहिजे. धरण पुरे झाले तेव्हा जो वीस वर्षांचा तरणाताठा होता तो आज साठीच्या पुढे गेला आहे. ज्यांनी त्या मातीत हयात घालवली, ज्यांना प्रत्येक गल्लीतल्या दुकानांची ओळ पाठ आहे, ते तर फारच थोडे उरले असतील. पुन्हा कधी दुष्काळ पडला तर पळसनाथाचे शिखर पुन्हा दिसेल. दगडाला ती सवलत आहे. माणसाचा आवाज एकदा बुडाला की कोणत्याच उन्हाळ्यात वर येत नाही.

दिवाळी आहे. घरी सगळे जमले आहेत. फराळाची ताटे पुढे आहेत आणि थोरली माणसे निवांत बसली आहेत. नातवंडांनी हातातले यंत्र क्षणभर फराळाच्या ताटाशेजारी ठेवावे, हवे तर ध्वनिमुद्रणाचे बटण दाबूनच ठेवावे, आणि काठावर अर्धा राहिलेला तो प्रश्न पुन्हा विचारावा:

"आबा, वाण्याचं दुकान मग कुठं गेलं?"